डबा आत गेला का?

वीस-बावीस वर्षं झाली असतील. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्यात आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा मुलगा बाजारच्या दिवशी संध्याकाळी घरी आला नाही. कुणी म्हणालं भांडण झालं, कुणी म्हणालं जीप आली होती. मी शाळामास्तर, म्हणजे गल्लीच्या हिशेबानं अर्ज लिहून देणारा माणूस. बाई माझ्याकडे आल्या. रात्री आम्ही एका ठाण्यात गेलो, सकाळी दुसऱ्या. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, ‘आमच्याकडं न्हाई.’ तिसऱ्या ठाण्यात ते उत्तरही मिळालं नाही. पण दारावरच्या शिपायानं बाईंच्या हातातला डबा घेतला आणि तो आत गेला.

बाहेर झाडाखाली तिघे-चौघे आमच्यासारखेच बसले होते. त्यांतला एक म्हातारा जाणकार निघाला. तो म्हणाला, “डबा घेतला न्हवं? मग पोरगं आत हाय. आत नसतं तर डबा कशाला घेतला असता?” बाईंचा जीव जरा खाली बसला.

दोन तासांनी डबा परत आला. तीन भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, सगळं संपलेलं. भाजीचा कप्पा तर बोटानं पुसून घेतल्यासारखा लख्ख. बाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि त्या मटकन खाली बसल्या. “गुरुजी, माझं लेकरू वांगं खात न्हाई. गडबडीत घरात होतं ते केलं मी. ह्यो डबा दुसऱ्यानंच खाल्लाय.”

एवढ्या चौकशीत नेमकी माहिती मिळाली ती ही एकच, आणि तीही बाईंनी स्वतः काढलेली.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. माणूस आत आहे की नाही, हे बाहेरच्यानं कुणाला विचारायचं? त्याला उत्तर द्यायला कोण बांधील होतं, आणि कधीपासून? कागद चाळत गेलो तेव्हा दिसलं की कैद्यांची मोजदाद फार जुनी आहे. ती राज्यकर्ते स्वतःच्या हिशेबासाठी ठेवत आले. तो आकडा घरच्यांना सांगायची सक्ती मात्र अगदी कालपरवाची, माझ्या नोकरीच्या काळातली.

आधी शब्दच बघा. ‘तुरुंग’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या ‘त्रोंको’चा मूळ अर्थ झाडाचं खोड. खोडाला भोकं पाडून त्यात पाय अडकवायचे, म्हणून पुढे तोच शब्द कैदखान्यालाही लागला. आपल्या पाटलाच्या चावडीवरचा ‘खोडा’ हाही खोडापासूनच झालेला. म्हणजे दोन भाषांना एकच ओंडका सुचला. खोड्याचं एक मात्र होतं, त्यातला माणूस उघड्यावर असायचा. चावडीवरून जाणाऱ्या पोरालासुद्धा दिसायचं, कुणाचे पाय अडकलेत. लाज होती, छळ होता, पण ‘आहे की नाही’ हा प्रश्न नव्हता. तो प्रश्न भिंतींबरोबर आला.

आणि आजचे शब्द? आमच्याकडे पोलिसांनी नेलेल्या माणसाला आधी ‘उचलला’ म्हणतात, मग ‘बसवून ठेवला’, मग ‘आत टाकला’, आणि शेवटी ‘अटक दाखवली’. हे शेवटचं क्रियापद मला फार प्रामाणिक वाटतं. अटक होते एकदा आणि दाखवली जाते एकदा. या दोहोंच्या मधले तास कुठल्याच रजिस्टरात नसतात. शोधणाऱ्या आईची पायपीट नेमकी त्या तासांत चालू असते. स्टेशन डायरीत नोंद नसलेल्या माणसाबद्दल ठाणे अंमलदार ‘आमच्याकडं न्हाई’ म्हणतो, तेव्हा कागदापुरतं ते खोटंही नसतं.

भिंतींचा जुना काळ म्हणजे किल्ल्यांचा. पेशवाईत वेगळे तुरुंग बांधायची पद्धत नव्हती. महत्त्वाचा माणूस गडावर ठेवत. सखारामबापू बोकिलांसारखा कारभारी, साडेतीन शहाण्यांतला एक, नाना फडणिसांशी बिनसल्यावर एका गडावरून दुसऱ्या गडावर हलवला गेला आणि १७८१ मध्ये रायगडावर कैदेतच गेला. कैदी कुठे आहे हे लपवण्यासाठीच गड सोयीचे. तरीही पेशव्यांच्या रोजनिश्यांत आणि दप्तरात हे कैदी सापडतात, ते शिध्यामुळे. अमक्या किल्ल्यावरच्या कैद्याला रोज इतकं धान्य, इतकं मीठ द्यावं, अशा आज्ञा आहेत. किल्लेदाराला खर्च मंजूर करून घ्यायचा असे, म्हणून माणसाची नोंद. नाव, गुन्हा, मुदत यांपेक्षा पीठ-मिठाची नोंद पक्की. आज अभ्यासकाला दिसतं की अमका माणूस अमक्या साली अमक्या गडावर जिवंत होता. त्याच्या बायकोला तेव्हा ते दिसत नव्हतं.

आमच्या भागात असा किल्ला नळदुर्ग. एका पावसाळी सहलीत मुलांना तिथला पाणीमहाल दाखवायला नेलं होतं, तेव्हा एका पोरानं विचारलं, “गुरुजी, कैदी कुठं ठेवायचे?” मला सांगता आलं नाही. बोरी नदी अंगावर घेणाऱ्या त्या बांधाखाली आवाज इतका असतो की तिथे कुणी ओरडलं तरी वर ऐकू येऊ नये.

इंग्रज आले आणि त्यांनी एक नवी गोष्ट आणली. अर्ज करा, कोर्ट तुरुंगाधिकाऱ्याला हुकूम देईल, माणूस समोर आण आणि कोणत्या अधिकारानं ठेवलास ते सांग. लॅटिनमध्ये हेबियस कॉर्पस, आपल्या कायद्याच्या मराठीत बंदी प्रत्यक्षीकरण. मराठी मुलखात या हुकमाची पहिली मोठी परीक्षा १८२८ मध्ये झाली, आणि ती कथा शाळेच्या इतिहासात यायला हवी होती असं मला वाटतं.

मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टापुढे दोन अर्ज आले. एक पुण्यातल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाचा, वडीलधाऱ्या नातलगानं अडकवून ठेवल्याचा. दुसरा ठाणे शहरातल्या तुरुंगातल्या एका कैद्याचा. कागदांत नाव बापू गणेश. कोर्टानं दोन्हीकडे हुकूम सोडले. मुंबई सरकार बिथरलं. गव्हर्नर सर जॉन माल्कम. त्यांचं म्हणणं असं की पुणं आणि ठाणं हा मुंबई शहराबाहेरचा मुलूख, म्हणजे मुफसल, तिथल्या कंपनीच्या अदालतींनी कैद केलेल्या माणसाबद्दल राजाच्या कोर्टानं विचारायचं कारण नाही. ऑक्टोबर १८२८ मध्ये सरकारनं न्यायाधीशांना पत्रच लिहिलं की असले हुकूम काढू नका. सरन्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट काही आठवड्यांपूर्वीच वारले होते, दुसरे न्यायाधीश चेंबर्स त्याच महिन्यात गेले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. हुकूम पाळला जात नाही म्हणून त्यांनी १ एप्रिल १८२९ रोजी कोर्टच बंद केलं. सरकार ऐकत नाही म्हणून न्यायाधीशानं दाराला कुलूप लावल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. निकाल सरकारच्या बाजूनं लागला. मुफसलातल्या अदालतीच्या तुरुंगाधिकाऱ्याला असा हुकूम देण्याचा या कोर्टाला अधिकार नाही, तिथला कैदी सोडण्याचाही नाही. मुंबईच्या किल्ल्यातून ठाण्याचा तुरुंग एका दिवसाच्या वाटेवर होता, पण ‘तो माणूस दाखव’ हे वाक्य तिथवर पोचत नव्हतं. ते मुफसलात पोचायला १९२३ ची फौजदारी कायद्यातली दुरुस्ती व्हावी लागली. जवळपास शंभर वर्षं.

आणि ही शंभर वर्षंही इंग्रजी मुलखातली. आम्ही निजामाच्या राज्यात.

निजामाच्या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परिस्थिती अशी की सरकारी तुरुंगाइतकीच सावकाराच्या कोठडीची भीती. अरब जमादार आणि रोहिले व्याजानं पैसे देत आणि वसुलीसाठी कुळाला स्वतःच्या वाड्यात कोंडत. सरकारकडे जाऊन विचारावं तर सरकारलाच ठाऊक नसायचं. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांना हे अरब-रोहिल्यांचं प्रस्थ मोडायला बरीच वर्षं लागली. त्याच १८५३ मध्ये आमचा भाग काही काळ इंग्रजांकडे लावून दिला होता आणि नळदुर्गचा कारभार कॅप्टन मेडोज टेलर बघत होता. ठगाच्या कबुलीजबाबावर कादंबरी लिहून इंग्लंड हादरवणारा तोच हा टेलर. ठगांच्या प्रकरणाचा एक कोपरा आपल्या विषयाला लागून आहे. वाटेत गायब झालेल्या वाटसरूच्या घरी वर्षानुवर्षं कळायचं नाही की तो मेला, कैदेत पडला, की परमुलखात चाकरीला लागला. काहींचा उलगडा माफीच्या साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्यांतून झाला.

१८६० मध्ये हा भाग निजामाकडे परत गेला. पुढे जिल्ह्याचं ठाणं धाराशिवला गेलं, त्याचं उस्मानाबाद झालं, आता पुन्हा धाराशिव. जिल्हेबंदी झाली, म्हणजे जिल्हे आखले गेले, कलेक्टरच्या जागी अव्वल तालुकदार, ठाण्यात अमीन, तहसील कचेरीत कोठडी. व्यवस्था होती, रजिस्टरं होती. पण ती उर्दूत. १८८० च्या दशकात दरबारची फारसी जाऊन उर्दू आली आणि लिहिणाऱ्यांचं बरंच सोपं झालं. आमच्या आजोबांच्या पिढीला दोन्ही सारख्याच. कचेरीबाहेर सतरंजी टाकून बसलेला अर्जीनवीस हा माझा पूर्वज म्हणायला हरकत नाही. मराठीत रडगाणं ऐकायचं आणि उर्दूत अर्ज लिहायचा. उत्तर आलं तर तेही त्यालाच वाचता येणार. मुलगा कोणत्या कलमाखाली आत आहे हे आईला सांगताना तो पदरचं किती घालत असेल, देव जाणे.

लोहारा तालुक्यातलं हिप्परगा हे गाव या गोष्टीत येतं. असहकाराच्या काळात तिथे राष्ट्रीय शाळा निघाली. तिचे मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर यांनी तिथेच संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हैदराबाद मुक्तिलढ्याचा हा नेता १५ ऑगस्ट १९४७ ला पकडला गेला आणि मधला थोडा काळ सोडला तर सप्टेंबर १९४८ च्या भारत सरकारच्या पोलीस कारवाईपर्यंत कैदेत होता. स्वामीजी कुठे आहेत हे वर्तमानपत्रांना ठाऊक असे. त्यांच्या नावावर सत्याग्रहाला गेलेल्या खेड्यातल्या पोरांचं तसं नव्हतं. रझाकारांच्या त्या वर्षात घरातून गेलेल्या माणसाच्या तीन शक्यता होत्या. तुरुंगात, हद्दीपलीकडे सोलापूर-बार्शीकडच्या तळावर, किंवा मेला. अमिनाला विचारायला जाणं म्हणजे आपलं घर दाखवून देणं. म्हणून लोक विचारतच नसत. बातमी आणायचा तो बैलबाजाराला जाणारा, बांगड्या विकणारा, किंवा सुटून आलेला कैदी. सुटून आलेल्याच्या घरी त्या दिवशी गर्दी होई ती त्याला बघायला नव्हे. ‘आमचा दिसला का तुला तिथं?’ हे विचारायला. गावातल्या म्हाताऱ्यांनी मला हे सांगितलं ते बहुतेक याच शब्दांत.

याच सुमाराला समाजाचा एक तुकडा असा होता की त्याच्याबाबत हा प्रश्न उलटा. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींचे लोक जन्मतःच नोंदीत घेतले. रोजची हजेरी, गाव सोडायला दाखला, सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहत, जिला लोक सेटलमेंट म्हणतात. सरकारला प्रत्येक माणूस कुठे आहे याचा तासातासाचा हिशेब होता. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. सवय गेली नाही. आमच्या भागात कुठे घरफोडी झाली की पहाटे पारध्याच्या पालावर गाडी जाते, आणि तिथल्या बायका शहाण्यासारख्या एकीकडे न जाता चार ठाण्यांना चौघी निघतात. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचं आत्मकथन ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं. ते वाचताना शहरातल्या वाचकाला धक्का बसला म्हणतात. आमच्याकडे लोकांनी नावालाच मान डोलावली.

स्वातंत्र्य आलं, २६ जानेवारी १९५० ला घटना आली. कलम २२ नं सांगितलं की अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. आमच्या लोकांना बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करायची सोय झाली. आधी हैदराबादच्या हायकोर्टात, १९५६ नंतर मुंबईच्या. औरंगाबादला खंडपीठ आलं ते १९८१ मध्ये. तोवर लोहाऱ्याच्या माणसानं मुंबईला जाऊन वकील करायचा म्हणजे आधी म्हैस विकायची. पण घटनेच्या कलमातसुद्धा एक पोकळी होती. कारण सांगायचं ते अटक झालेल्याला. घरच्यांना सांगा असं त्यात कुठे नव्हतं.

ती पोकळी किती खोल आहे हे आणीबाणीनं दाखवलं. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्ध माणसासाठी हा अर्जच चालणार नाही. न्यायमूर्ती खन्ना एकटे वेगळे राहिले. निकाल लागला तेव्हा केरळात ईच्चर वारियर नावाचे एक प्राध्यापक आपल्या मुलाला शोधत होते. राजन, कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी, १ मार्च १९७६ ला पोलिसांनी नेला. बाप तुरुंगांची दारं, छावण्या, मंत्र्यांचे बंगले हिंडला. कुठेही ‘आहे’ नाही, ‘नाही’ही नाही. आणीबाणी उठल्यावर मार्च १९७७ मध्ये त्यांनी हायकोर्टात अर्ज केला. मुलगा परत आला नाही. छावणीत छळ होऊन तो कधीच मेला होता, आणि ते प्रकरण मुख्यमंत्री करुणाकरन यांचं पद घेऊन गेलं. वारियरांनी पुढे लिहिलं आहे की मुलगा रात्री-अपरात्री उपाशी येईल म्हणून घरात त्याच्यापुरता भात आणि केळीचं पान राखून ठेवायला ते बायकोला सांगत. आमच्या गल्लीतल्या बाईंची आठवण मला हे वाचताना झाली, ती कायद्यामुळे नव्हे, पानामुळे.

यानंतर मात्र गोष्टी भराभर हलल्या, आणि सुरुवात महाराष्ट्रातून झाली. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलून पोलीस कोठडीतल्या मारहाणीबद्दल सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. १९८३ च्या निकालात कोर्टानं सांगितलं की अटक केल्यावर पोलिसांनी त्या माणसाला विचारावं, तुझ्या कुठल्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवू, आणि कळवावं. जवळच्या विधी साहाय्य समितीलाही कळवावं. मग जानेवारी १९९४ मध्ये गाझियाबादला जोगिंदर कुमार नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या वकिलाला पोलिसांनी चौकशीला बोलावलं आणि तो दिसेनासा झाला. घरचे एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात. वकिलाच्या घरच्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय, असं कोर्टालाही वाटलं असणार. त्या निकालात नातेवाइकाला कळवणं हा अटक झालेल्याचा हक्क ठरला.

आणि १८ डिसेंबर १९९६ ला डी. के. बसू खटल्याचा निकाल. बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेच्या बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांवरून १९८६ मध्ये पाठवलेलं पत्र दहा वर्षांनी अकरा सूचना घेऊन आलं. अटकेचा पंचनामा करा, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही घ्या. नातेवाईक जिल्ह्याबाहेर असेल तर आठ ते बारा तासांत तारेनं कळवा. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेरच्या फलकावर अटक झालेल्यांची नावं लावा. तारेचं शेपूट मजेदार आहे. जुलै २०१३ मध्ये देशातली तार बंद झाली, आदेश तसाच राहिला. आमच्याकडे कुणाला अशी तार आल्याचं मी ऐकलेलं नाही. तार आली की लोक आधी कोण गेलं म्हणून रडायला लागायचे, तेव्हा एका अर्थी बरंच झालं.

पुढे हे सगळं कायद्यात उतरलं. २००६ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५०अ, म्हणजे कळवल्याची नोंद ठाण्यातल्या वहीत हवी. २०१० पासून जिल्ह्याजिल्ह्यात नियंत्रण कक्ष आणि फलक. १ जुलै २०२४ ला नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम ३७ नं हे काम प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात एका नेमलेल्या अधिकाऱ्यावर टाकलं, दर्जा किमान सहायक उपनिरीक्षक, आणि माहिती डिजिटल रूपातही दाखवा म्हटलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल त्या भाषेत देणं सगळ्या गुन्ह्यांत बंधनकारक केलं. उर्दूतला कागद हातात धरून अर्जीनवीस शोधणाऱ्या माझ्या आजोबांना हे वाक्य वाचून दाखवायला मला आवडलं असतं.

त्या दिवशी आम्ही ज्या ठाण्याबाहेर बसलो होतो तिथेही फलक होता. काळा, खडूनं लिहायचा. त्यावर जुन्या तारखेखाली दोन नावं होती आणि खालच्या अर्ध्या भागात कुणीतरी रक्तदान शिबिराची वेळ लिहिली होती.

आता पोरं मोबाइल काढतात. ई-कोर्ट्‌सच्या अॅपवर नावानं खटला शोधता येतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अटक आरोपी बघायची सोय आहे, एफआयआर अपलोड होतात. कारागृहाच्या भेटीची वेळ ऑनलाइन घेता येते, व्हिडिओवर मुलाखतही होते. ‘मुलाखत’ हा शब्द बघा, नोकरीपासून तुरुंगाच्या जाळीपर्यंत पोचलेला. अडचण नावाची आहे. इंग्रजीत कांबळे कधी ‘ए’ घालून लिहितात, कधी न घालता. बापाचं नाव मधे, कधी शेवटी. वहीत मराठीत नाव बरोबर असतं, पडद्यावर रोमन लिपीत ते दुसऱ्याच कुणाचं होतं. ‘रेकॉर्ड नॉट फाउंड’ दिसलं की पोरगा म्हणतो, “न्हाई आत.” आईला ते पटत नाही, आणि बरोबर आईचंच निघतं. आमच्या भागानं यादीत नाव शोधायचं दुःख १९९३ च्या भूकंपात एकदा भोगलंय. सास्तूर, किल्लारीकडची जखमी माणसं सोलापूरच्या दवाखान्यांत गेली तेव्हा भिंतीवरच्या कागदावर बोट फिरवत लोक उभे असायचे. तिथेही एका अक्षरानं माणूस हरवत होता.

हा घोळ आपलाच आहे असं नाही. अमेरिकेत काउंटीच्या तुरुंगात कोण आहे हे बहुतेक ठिकाणी शेरीफच्या वेबसाइटवर नाव टाकलं की दिसतं; फोटो, आरोप, जामिनाची रक्कम सगळं. पुण्या-सोलापूरची मुलं तिकडे आहेत, त्यांच्यावर वेळ आली तर इथल्या आईबापांनाही मध्यरात्री ते बघता येतं. पण शेजाऱ्यालाही येतं. निर्दोष सुटल्यावरही तो फोटो इंटरनेटवर फिरत राहतो, आणि तो काढून टाकायला पैसे मागणारे धंदे तिकडे उभे राहिले. म्हणजे फिरून चावडीवरचा खोडा. तिकडच्या इमिग्रेशन खात्यानं पकडलेल्यांना शोधायची वेगळी सोय आहे, तिथे नाव आणि जन्मदेश घालायचा, आणि स्पेलिंग अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. पालघर-डहाणूच्या खलाशांच्या बायकांना तर तेही नाही. गुजरातच्या बोटींवर गेलेला नवरा पाकिस्ताननं धरला की वाट बघायची ती १ जानेवारी आणि १ जुलैची. २००८ च्या करारानुसार त्या दोन दिवशी दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात.

आमच्या बाईंचं सांगायचं राहिलं. डब्यावरून त्या म्हणाल्या ते खरं होतं. पोरगा त्या ठाण्यात होता, पण आदल्या रात्रीपर्यंत. सकाळी आम्ही दुसऱ्या ठाण्यात उभे होतो तेव्हा त्याला दंडाधिकाऱ्यापुढे नेऊन एमसीआर मिळाला होता, म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि आम्ही झाडाखाली बसलो होतो तेव्हा तो एसटीनं दोन शिपायांच्या मधे बसून जिल्ह्याकडे निघाला होता. हे कळलं कोर्टातल्या एका ओळखीच्या कारकुनाकडून. कायद्यानं जे कळवायचं ते ओळखीनं कळलं. माझ्या पिढीत बहुतेकांना असंच कळलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बाई आणि मी जिल्ह्याला गेलो. बाईंनी पहाटे उठून पुन्हा डबा केला होता, या वेळी वांगं नाही, पिठलं. कारागृहाच्या दाराशी छोटी खिडकी. खिडकीमागच्या शिपायानं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं. लांबट रजिस्टर उघडलं, पान उलटलं, मधलं बोट ओळीवरून खाली सरकवत नेलं आणि एका ठिकाणी थांबवलं. मला उलटं का होईना, नाव वाचता आलं. पुढे बंदी क्रमांक होता.

“आहे,” तो म्हणाला. मग डब्याकडे बघून, जरा मऊ आवाजात, “मावशी, इथं घरचा डबा चालत नाही.”

बाई हसल्या. मी त्यांना तीन दिवसांत पहिल्यांदा हसताना पाहिलं.